डाग कागदाचा की माणसाचा?

जुना फोटो दुरुस्तीला येतो तो बहुधा घाईतच. घरातलं म्हातारं माणूस गेलेलं असतं, दहावं उरकलेलं असतं आणि तेराव्याला हार घालायला फोटो हवा असतो. हयातभर त्या माणसाचा एकट्याचा फोटो कुणी काढलेला नसतो. मग पुतण्याच्या लग्नातला ग्रुप फोटो येतो, नाहीतर आधार कार्ड. कराडला आमचा स्टुडिओ वडिलांपासूनचा. अण्णांनी डार्करूममध्ये जन्म काढला, मी कॉम्प्युटरवर काढतोय. घर चालतं लग्नाच्या ऑर्डरींवर, पण जीव रमतो तो या दुरुस्तीत.

अडचण फोटो हातात येण्याआधीच सुरू होते. लोक भिंतीवरच्या फ्रेमचा मोबाइलनं फोटो काढतात आणि व्हॉट्सॲपवर धाडतात. त्या काचेत ट्यूबलाइट असते, पंखा असतो, कधी फोटो काढणारा स्वतः असतो. मी म्हणतो, ‘दादा, मूळ फोटोच घेऊन या.’ बाहेरगावचं गिऱ्हाईक असेल तर जवळच्या दुकानात स्कॅन करून फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगतो. ‘फोटो’ म्हणून पाठवली की ती वाटेतच बारीक होऊन येते. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय पुरतं, पासपोर्टएवढ्याला १२००. आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन रंगीतच करायचा. पुष्कळजण इथेच चुकतात. काळा-पांढराच तर आहे म्हणून ग्रे मोडमध्ये स्कॅन करतात आणि सगळ्यात कामाची युक्ती हातची घालवून बसतात.

ती युक्ती अशी. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनेल असतात. गळक्या कौलाच्या पाण्याचा, चहाचा किंवा फ्रेमच्या गंजक्या खिळ्याचा डाग पिवळट-तपकिरी असतो, म्हणजे तो निळा प्रकाश गिळतो. त्यामुळे निळ्या चॅनेलमध्ये तो काळाकुट्ट दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. फोटोशॉपमध्ये चॅनेल्सच्या खिडकीत नुसतं ‘रेड’वर क्लिक करून बघा, अर्ध्या चेहऱ्यावर पसरलेला डाग डोळ्यांदेखत विरतो. तेवढाच चॅनेल घेऊन त्याचा ग्रे फोटो केला की काम निम्मं झालं. पोरानं निळ्या बॉलपेननं आजोबांना मिशा काढल्या असतील तर उलटं करायचं, निळा चॅनेल बघायचा. गिंप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम ‘मोनो मिक्सर’नं होतं. गिंप फुकट आहे आणि १९९६ पासून लोकांच्या हातात आहे, या कामाला तो पुरून उरतो. नव्या पोरांना मी तोच घ्यायला सांगतो.

मला या चॅनेलची खरी किंमत कळली ती एका मावशींमुळे. त्यांच्या आईचा फोटो होता, नऊवारीतला, बहुधा जत्रेतल्या पडद्यापुढे काढलेला. जावयानं तो घरीच मोबाइलवरच्या एका एआय ॲपमधून काढून आणला होता, मला फक्त प्रिंट मारायची होती. फोटो चकचकीत झाला होता. सुरकुत्या गेलेल्या, ओठ रेखीव, नथीचे मोती कसल्याशा फुलात विरघळलेले. मावशी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘बाई चांगली हाय, पण ही आमची आई न्हवं.’ मी मूळ फोटो मागवून घेतला. त्यात कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं. ॲपनं ते डाग समजून पुसून टाकलं होतं.

माझीही पंचाईत होतीच, कारण त्या फोटोवर डाग खरेच होते आणि गोंदणाचे ठिपके त्यांच्यातच मिसळले होते. तिथं चॅनेल उपयोगी पडले. गोंदण हे फोटोतल्याच चांदीनं उमटलेलं असतं, गालाची सावली किंवा केस उमटतात तसंच. म्हणून ते तिन्ही चॅनेलमध्ये सारखं दिसतं. कागदावर नंतर पडलेला पिवळा डाग निळ्यात उठून दिसतो आणि लालमध्ये हरवतो. तिन्ही आलटून पालटून बघितले तेव्हा जे ठिपके जागचे हलले नाहीत ते आईचे, जे गेले ते कागदाचे. बुरशीचा काळा ठिपका मात्र यात सापडत नाही. तिथं घरच्या माणसालाच विचारावं लागतं. देवीचे व्रण, चामखीळ, तुटलेला दात, काहीही पुसण्याआधी मी आता विचारतोच.

लोकांच्या मागण्या उलट्याही असतात. जन्मभर सदरा आणि टोपीत राहिलेल्या शेतकऱ्याला कोट-टाय घालायला सांगतात. कोटाच्या तयार फाइली प्रत्येक स्टुडिओत असतात, माझ्याकडेही आहेत. गिऱ्हाईक म्हणेल ते करतो, पण टोपीतला एक प्रिंटही सोबत देतो. भिंतीवर बहुतेक वेळा टोपीतलाच लागतो.

एका प्रकारचा फोटो मला पूर्वी रडवायचा, तो म्हणजे सिल्क पेपरवरचा. बारीक दाणेदार पोताचा हा कागद एके काळी स्टुडिओवाल्यांचा लाडका होता. स्कॅन केला की चेहरा हरभऱ्याच्या सालीसारखा खरबरीत दिसतो. स्कॅनरचा उजेड एका बाजूनं येतो, त्यामुळे प्रत्येक दाण्याची सावली पडते. उपाय सोपा आहे. फोटो एकदा सरळ स्कॅन करायचा, मग काचेवर उलटा, १८० अंशांत फिरवून पुन्हा. दुसरी फाइल कॉम्प्युटरवर सरळ करून पहिलीवर लेयर म्हणून ठेवायची. वरच्या लेयरचा मोड ‘डिफरन्स’ करून ती सरकवायची. चित्र जास्तीत जास्त काळं झालं की दोन्ही जुळल्या. मग मोड नॉर्मल आणि ऑपॅसिटी ५० टक्के. एका स्कॅनमधली सावली दुसऱ्यातल्या उजेडानं बरीचशी मारली जाते.

बाकीचं हाताचं काम. फोटोशॉपमध्ये हीलिंग ब्रश २००२ साली आला, त्याआधी सगळी मदार क्लोन स्टॅम्पवर होती. गालावरच्या भेगेला हीलिंग उत्तम. पण टोपीची कड, पदराचा काठ, केसांची रेघ अशा ठिकाणी तो शेजारचा रंग ओढून चिखल करतो, तिथं क्लोनच बरा. दोन्ही कामं मूळ चित्रावर न करता वरच्या कोऱ्या लेयरवर करायची आणि ब्रशला खालच्या लेयरमधून रंग घ्यायला सांगायचं. बिघडलं तर लेयर फेकता येते. रंग उचलायची जागा सतत बदलायची, नाहीतर एकच ठिपका चेहराभर उमटतो. मधूनमधून चित्र आडवं फ्लिप करून बघायचं. डोळ्याला सवय होऊन लपलेली खोट लगेच दिसते.

उजेड-सावलीला डॉज आणि बर्न. अण्णांना मी पहिल्यांदा फोटोशॉप दाखवलं तेव्हा त्यांनी ही दोन चिन्हं नाव न वाचता ओळखली. एक तारेला लावलेली गोल चकती, दुसरी वळलेली मूठ. एन्लार्जरखाली ते हेच हातांनी करायचे.

फोटोखाली नाव टाकताना एक नेहमीचा घोळ होतो. जुन्या फोटोशॉपमध्ये ‘विठ्ठल’ लिहिलं की वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षर फुटतं. फॉन्टला शिव्या देऊ नका. टाइपच्या सेटिंगमध्ये ‘मिडल इस्टर्न अँड साउथ एशियन’ निवडा आणि परिच्छेदाच्या खिडकीत त्याचाच कंपोजर लावा. युनिकोड फॉन्ट असेल तर नाव नीट येतं.

धार लावायची ती सगळ्यात शेवटी, प्रिंटचा आकार ठरल्यावर. बारा बाय अठरा इंचांचाच मोठा हवा, असा हट्ट बरेचजण धरतात. ३०० डीपीआयला तो ३६०० बाय ५४०० पिक्सेल होतो. ग्रुप फोटोतल्या नखाएवढ्या चेहऱ्यात तेवढा मजकूरच नसतो, आणि जो नाही तो सॉफ्टवेअर मनानं भरतं. अशा वेळी मी पाच बाय सातचा छोटा, खरा प्रिंट घ्यायला सांगतो.

तुमच्या घरी असे फोटो असतील तर दिवसकार्याची वाट बघू नका, आताच स्कॅन करून ठेवा. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट घेऊन या, काचेतूनच स्कॅन होतो. मागे नाव आणि गाव मऊ पेन्सिलीनं लिहा, बॉलपेननं नको. आणि दुरुस्तीला देताना त्या माणसाला पाहिलेलं कुणीतरी सोबत आणा.