टोपीवरचा चौकोन

पदवीच्या काळ्या टोपीला चारही कडांनी शिंदीच्या पानांची बारीक वेणी लावून ती रांगेत उभी होती. पानं कोवळी, पिवळसर. लग्नात बाशिंगासाठी खुडतात तशी. गोंड्याच्या टोकाला त्याच पानाचं एक फूल. धानोऱ्याकडच्या एका गावातली ही मुलगी, घरातली पहिली पदवीधर. मी वेणीकडे पाहतेय हे लक्षात येताच म्हणाली, "आजीनं विणून देल्लन, मॅडम."

थोड्या वेळाने व्यवस्था पाहणारे एक जण आले. टोपीवर काही चालणार नाही, सगळे एकसारखे दिसले पाहिजेत, असं त्यांनी सांगितलं. तिने वाद घातला नाही. वेणी सोडवली आणि चुरगळणार नाही अशी फाईलमध्ये ठेवली. मी चार पावलांवर होते, आणि काही बोलले नाही. माझं ते गप्प राहणं मला अजून टोचतं.

एकसारखं दिसण्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, हे मला मान्य आहे. भाड्याचा तो गाऊन अंगावर चढला की कुणाची साडी नवी आणि कुणाचा सदरा मागून आणलेला, हे कळत नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेपासून पुडे बांधणाऱ्या घरची मुलगी आणि बंगल्यातून गाडीने आलेली मुलगी तासभर एका रंगाच्या होतात. आयुष्यात असे तास फार येत नाहीत.

चंद्रपुरात मी गाऊनमधला एक फोटो कितीतरी घरांच्या भिंतींवर पाहिला आहे. बाबासाहेब आंबेडकरांचा. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. पुढे चारच वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी याच चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या घरांतल्या माणसांना हा वेश परक्यांचा वाटत नाही. ज्यांना शाळेच्या दाराबाहेर बसवलं, त्यांच्यातल्या एकाने तो अंगावर घेतला, एवढंच त्यांना दिसतं. आपल्या मुलाचा गाऊनमधला फोटो त्या फोटोशेजारी लावणाऱ्या बापाला 'ही इंग्रजांची गुलामी' असं सांगायला मी धजणार नाही.

तसं सांगणारे मात्र आहेत, आणि त्यांचंही म्हणणं खोटं नाही. एप्रिल २०१० मध्ये भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या पदवीदान समारंभात तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी व्यासपीठावरच गाऊन उतरवला. वसाहतकाळातली ही रानटी प्रथा आपण अजून का पाळतो, असा त्यांचा सवाल होता. युरोपातल्या धर्मगुरूंच्या चौकोनी टोपीपासून विद्यापीठाची टोपी घडली, इंग्रजांबरोबर ती इकडे आली आणि आपण ती कधी निरखून पाहिलीच नाही. त्यानंतर अनेक ठिकाणी गाऊन गेले, कुडते आले, उपरणी आली. पण वरून ठरवलेला देशी वेशही सगळ्यांचा होतोच असं नाही. पुण्याच्या विद्यापीठात २०१९ साली समारंभात पगडी कोणती, पुणेरी की फुले पगडी, यावरून विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली. डोक्यावर काय ठेवायचं, हा प्रश्न दिसतो तेवढा हलका नाही.

भोपाळच्या प्रसंगानंतर वर्षभराने, एप्रिल २०११ मध्ये, हेच जयराम रमेश आमच्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) गावी आले. धानोरा तालुक्यातल्या या छोट्याशा गोंड गावाला २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला होता. पण बांबू तोडून विकायचा तर वाहतुकीचा परवाना वन खात्याच्या हातात. त्या दिवशी त्या परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालं. आपल्या बांबूचा परवाना आता गाव स्वतः फाडणार होतं. तिथे कुणाच्या अंगावर गाऊन नव्हता. तरी मला ठाऊक असलेल्या पदवीदानांत त्याहून वजनदार पदवीदान नाही. समारंभाला वजन येतं ते हातात काय पडलं त्यावरून, आणि ज्याच्या हातात पडलं तो तिथे पाहुणा होता की धनी, यावरून.

टोपी सजवणाऱ्या मुलांकडे मी आता याच नजरेने पाहते. अमेरिकेत ही रीत चांगलीच रुळली आहे. टोपीचा वरचा सपाट चौकोन मुलं रंगवतात, त्यावर आईबापांचे आभार लिहितात, सोडून आलेल्या देशाचा झेंडा काढतात. तिथल्या आदिवासी मुलांना मात्र टोपीला गरुडाचं पीस लावण्यासाठी शाळांशी झगडावं लागलं. काहींना ते लावलं म्हणून समारंभाला मुकावं लागलं. शेवटी मोंटाना राज्याने २०१७ साली कायदा करून आदिवासी मुलांचा हा हक्क मान्य केला. ते पीस सहसा बाजारातून आणलेलं नसतं. मुलाने काही मिळवलं की घरातलं किंवा समाजातलं वडीलधारं माणूस ते त्याच्या हाती देतं.

इथे मला आमचं बाशिंग आठवतं. नवरदेव स्वतःचं बाशिंग स्वतः विणत नाही. शिंदीची पानं कुणी आणतं, चिरतं कुणी, विणतं कुणी, आणि डोक्याला बांधणारे हात आणखी वेगळे. ज्याच्या डोक्यावर ते चढतं त्याला ते दिसतही नाही. माझ्यासाठी इतके हात राबले, एवढंच त्याला जाणवतं. त्या मुलीच्या टोपीवरची वेणी या घराण्यातली होती. तिच्यात मिरवणं कमी आणि आजीचे हात जास्त होते. आम्ही ते हात शिस्तीच्या नावाखाली उतरवून ठेवले.

२ ऑक्टोबर २०११ रोजी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ सुरू झालं, त्याआधी गडचिरोली आणि चंद्रपूर या आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या मुलांची पदवी नागपूर विद्यापीठाची असायची. सिरोंचा-भामरागडच्या आजीने मजुरी बुडवून, एसट्या बदलत नागपूर गाठावं आणि नातीचा समारंभ पाहावा, हे कुठून घडणार! आज समारंभ तिच्या दारापाशी आला आहे. ५ जुलै २०२३ रोजी या विद्यापीठाच्या दीक्षांत समारंभाला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आल्या, संथाळ समाजाची लेक देशाची राष्ट्रपती म्हणून इथल्या मुलांसमोर उभी राहिली. आजी मांडवात येऊन बसली आहे, तर तिने विणलेलं मांडवाबाहेर का ठेवायचं?

म्हणून यंदा समारंभाच्या बैठकीत मी एवढंच मांडणार आहे: गाऊन सगळ्यांचा सारखा असू द्या, टोपीचा वरचा चौकोन तेवढा घरच्या हातांसाठी सोडा. समतेला त्याने धक्का लागत नाही, आणि ती समता कुणाच्या कष्टावर उभी राहिली तेही दिसतं.

त्या दिवशी समारंभ संपल्यावर मी बाहेर आले. निंबाच्या सावलीत तिची आजी बसली होती. मुलीने फाईलमधून वेणी काढली, दोन पिना लावून टोपीवर पुन्हा बसवली आणि एका हाताने टोपी धरून पाया पडायला वाकली. तो चौकोन कुणासाठी आहे, हे मला तेव्हा दिसलं. व्यासपीठावरून तो दिसत नाही, शेजारी उभ्या असलेल्यालाही धड दिसत नाही. लेकरू वाकलं की तो थेट समोरच्या म्हाताऱ्या डोळ्यांपुढे येतो. आजीने आशीर्वादाचा हात लगेच ठेवला नाही. आधी वेणीतलं एक सुटलेलं पान बोटांनी आत खोवलं.