'कळतंय' म्हणत होता दादा

२०१६ च्या पावसाळ्यात आमचा मोठा भाऊ परांचीवरून पडला. रंगकाम करणारा माणूस. पाठीचा मणका मोडला, आतल्या मज्जारज्जूला मार बसला. ऑपरेशन झाले, पण कमरेखाली काही हलेना, टाचणी टोचली तरी कळेना. कागदावर लिहून मिळाले, 'संपूर्ण इजा'. आम्ही भावंडांनी तो कागद कपाटात ठेवला आणि चालण्याचा विषय घरात बंद केला.

वहिनीचे रोजचे काम सुरू झाले. सांगायला संकोच वाटतो, पण ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना ते ठाऊक आहे. हातमोजा घालून बोटाने शौच काढावे लागते. एके दिवशी दादा तिला म्हणाला, "बोट आत गेलेलं मला कळतंय." वहिनीने आम्हाला सांगितले. आम्ही म्हणालो, "मनाचे खेळ आहेत." आईही म्हणाली, पोराला उगाच आशा लावू नका. दीड वर्ष तो सांगत राहिला. मग त्याने सांगणे सोडले.

पुढे लघवीच्या त्रासासाठी त्याला दुसऱ्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी त्याला कुशीवर वळवले. गुदद्वाराच्या कडेला कापूस लावला, टाचणी लावली, कळले नाही. मग बोटाने आत दाब दिला. "भाऊ, डोळे मिटा. दाब आला की 'हो' म्हणा." मध्येच त्या मुद्दाम थांबत. दादाने प्रत्येक वेळी बरोबर सांगितले. वहिनी पडद्याबाहेर उभी होती, ती तिथेच खाली बसली.

बाईंनी समजावले. मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या भागाच्या नसा गुदद्वाराशी येतात. तिथला दाब मेंदूला कळतो, याचा अर्थ मार बसलेल्या जागेतून काही धागे अजून शाबूत आहेत. जगभर या इजेच्या ए ते ई अशा पाच पायऱ्या मानतात. 'ए' म्हणजे संपूर्ण. दादा 'बी' निघाला. ही तपासणी पाच मिनिटांची. आमच्या आठवणीत तरी आधी कोणी केली नव्हती.

पाय आपोआप उडतात त्याला मात्र फसू नका. ती मज्जारज्जूची स्वतःची हालचाल, त्यात मेंदूचा हुकूम असेलच असे नाही. ते पाय बघून एका वैदूने आम्हाला तेल विकले होते. पैसे गेले.

'ए' लिहिलेल्यांचीही गोष्ट तिथेच संपत नाही. अमेरिकेत ह्यूस्टनच्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या पायांच्या स्नायूंवर विजेचे सूक्ष्म संकेत टिपणारे पट्टे लावले आणि तळवा खरवडताना सांगितले, पाय आखडू देऊ नका. १९९२ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की डोळ्यांना काही दिसत नसतानाही बहुतेकांत मेंदूचा थोडा प्रभाव खाली पोचत होता. २०१४ मध्ये लुईव्हिल येथे चार लकवाग्रस्त पुरुषांच्या मज्जारज्जूवर विजेचे यंत्र बसवले. यंत्र चालू असताना ते चौघे सांगितल्याबरोबर पाय हलवू शकले. त्यातले दोघे 'ए' होते.

दादा आजही चालत नाही. त्या बाईंनीही तसे वचन दिले नव्हते. पण आता तो अंगातले सगळे सांगतो, आणि वहिनी वहीत लिहून ठेवते. तिने त्याच संध्याकाळी त्याची माफी मागितली. आमची मागायची राहून गेली आहे.