किलोला एक तास

दिवाळीच्या अंकात, घरोघरी चकलीची भाजणी दळून आलेली असताना, डुकराच्या मांसाविषयी लिहायला बसलेल्या माणसाला काय म्हणावे? माझी पत्नी जे म्हणाली ते मी येथे लिहीत नाही. पण दिवाळीचे फराळाचे ताट भिंतीपलीकडे गेले की नाताळात पलीकडूनही एक ताट येते, आणि मला सांगायचे आहे ते त्या ताटातून चाळीस वर्षांत कधीच न आलेल्या एका पदार्थाविषयी.

आम्ही निगडीच्या प्राधिकरणात राहतो. पिंपरी-चिंचवडच्या कामगारांना घरे मिळावीत म्हणून १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण निघाले आणि २०२१ साली विसर्जितही झाले. रिक्षावाल्याला मात्र अजूनही ‘प्राधिकरण’ एवढेच सांगितले की पुरते. तसा हा मुलूख मोठा सोवळा. वर देहू, पलीकडे आळंदी, खाली चिंचवडला मोरया गोसावींची समाधी. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की पहिला मुक्काम आकुर्डीला. या पुण्यभूमीत १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनची कंपनी स्थापन झाली, साठानंतर स्कूटरी आल्या, मालमोटारी आल्या, आणि भोंग्याच्या हाकेसरशी केरळापासून पंजाबापर्यंतची माणसे आली. चार गावांची १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. ज्ञानोबा-तुकोबांच्या मधोमध कोणकोणत्या फोडण्या बसू लागल्या याची नोंद मात्र कोणत्याच गॅझेटियरात नाही.

आमच्या जोडघराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात एक गोवेकर जोडपे राहायला आले तेव्हा मी पहिलीत होतो. त्यांना सगळी गल्ली अंकल-आँटी म्हणे. वडील मशीन शॉपमध्ये, अंकल हीट ट्रीटमेंटमध्ये. दोघे कंपनीच्या एकाच बसने जात. आमच्याकडून चिवडा, लाडू, करंज्या जात. नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्या, दोदोल आणि अंडे न घातलेला केक येई. हे सगळे आँटी निराळ्या भांड्यांत करीत. हे आम्हाला ठाऊक होते आणि आम्ही ते आपला मान म्हणून घेत होतो.

आँटी २०२१ च्या साथीत गेल्या. अंकल वाचले, पण तापाबरोबर त्यांची चव आणि वास गेला तो परत आलाच नाही. मुलगा कॅनडात. तीन नाताळ त्या घरात चूल पेटली नाही. गेल्या डिसेंबरात एके सकाळी अंकल फाटकाशी येऊन उभे राहिले.

“प्रोफेसर, तू चाकणला जातोस ना रे? येताना दोन किलो बटाटे आण, अन् कांदे. या वर्षी मी आसाद करणार.”

आसाद म्हणजे भाजलेले मांस, पोर्तुगीज शब्द. वर्गात मराठीतले पोर्तुगीज शब्द शिकवताना मी बटाटा, पाव, कोबी, पगार, मेस्त्री अशी यादी फळ्यावर लिहितो. या यादीतले अर्धे शब्द कारखान्यात चालतात आणि अर्धे स्वयंपाकघरात, हे तोवर माझ्या लक्षात आले नव्हते. विंदालूचेही तसेच. लोक त्यात बटाटा शोधतात. मूळ शब्दात आहेत द्राक्षाची वाइन आणि लसूण. गोव्यात द्राक्षे कुठली? म्हणून माडाच्या सुराचा शिरका आला. आणि ज्या मांसासाठी हा सारा खटाटोप, त्याला आपल्या शिष्ट मराठीत स्वयंपाकघरातले नावच नाही. मटण आहे, मासळी आहे. पुढे एकदम शिवीच सुरू होते. वास्तविक मराठी बोलणाऱ्या कितीतरी घरांत, वसईच्या ख्रिस्ती घरांतून, वडार-कैकाड्यांच्या वस्त्यांतून, हे मांस पूर्वीपासून शिजते आहे. भाषा पंक्तीला बसली तेव्हा ती माणसे बाहेर होती, एवढेच.

माझे कॉलेज नाशिक रस्त्याला. भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी, कुरुळी, मग चाकण. अंतर थोडे आणि वेळ अमाप, कारण पुढेमागे मोटारींचे सुटे भाग भरलेले ट्रक. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने इथल्या संग्रामदुर्गात शाइस्तेखानाला जवळजवळ दोन महिने रोखून धरले होते. आज ते काम कोणतीही सोमवारची सकाळ करू शकेल. किल्ल्याची तटबंदी गावात कशीबशी उभी आहे. २००९ साली दोन जर्मन कंपन्यांचे मोटारींचे कारखाने इथे सुरू झाले, आणि कांद्याचे चाकण परदेशी साहेबांच्या नकाशावर गेले. त्यांच्या मुलखातही रविवारी डुकराचा भाजलेला खांदा, बटाट्याचे गोळे आणि तांबड्या कोबीची भाजी असा थाट असतो म्हणे. बाजारात गोणीवर बसलेल्या बाईंनी “कशाला पायजे, भाजीला का वड्याला?” असे विचारले. मी “भाजायला” म्हटले आणि पुढचे सांगितले नाही. त्यांनी मध्यम आकाराचे, पातळ सालीचे निवडून दिले.

मांस अंकल स्वतः लोकलने पुण्यात कॅम्पात जाऊन घेऊन आले. मांडीचा अडीच किलोचा तुकडा, वर बोटभर चरबी. चोवीस तारखेच्या संध्याकाळी त्यांनी तो काट्याने टोचला आणि आले, लसूण, मिरी, मीठ, किंचित हळद आणि शिरका असे वाटण मला चोळायला लावले. त्यांचे हात कापतात. माझेही कापत होते, पण निराळ्या कारणाने. मासळी मी सहलींतून चोरून खाल्लेली आहे. या प्राण्याला हात लावण्याची ती पहिलीच वेळ. हाताला तो लागला थंड आणि जड, भिजलेल्या कणकेसारखा. रात्रभर तुकडा फ्रीजमध्ये राहिला.

दुसऱ्या दिवशी मिस्सा आटोपून आल्यावर काम सुरू झाले. तुकडा सुतळीने करकचून बांधला. जाड बुडाच्या टोपात तेल टाकून चारी बाजूंनी तांबूस केला, दालचिनी, लवंगा, अख्खी मिरी, दोन सुक्या मिरच्या आणि चाकणचे कांदे घातले, वाटीभर गरम पाणी ओतून झाकण ठेवले. आता आच मंद. मी दर पाच मिनिटांनी झाकण उचलू लागलो तसे अंकल खवळले.

“भट्टीचे दार सारखे उघडतात काय? आमच्यात पोलादाला नियम, इंच जाडीला एक तास. वरून लाल दिसले म्हणून आत उष्णता पोचली असे नसते. घाई केली तर वरचा थर एक बोलतो नि गाभा दुसरे. जॉब तडकतो.”

“आणि याला?”

“किलोला एक तास. वर अर्धा तास माझ्या बायकोचा.”

तीन तास. अधूनमधून तुकडा उलटायचा, पाणी आटले की कढत पाणी थोडेसेच घालायचे. मांसातले चिवट धागे अशा सावकाश आचेवरच विरघळतात आणि रस दाट होतो. चरबी सुटली की तिच्यातच बटाटे. दुसऱ्या शेगडीवर पुलाव होता. माझी शर्टाची पाठ भिजली होती, डोळ्यांना धूर लागत होता, आणि समोरची खिडकी बंद होती. ती खिडकी आमच्या मागच्या पडवीत, तुळशीसमोर उघडते.

“अंकल, खिडकी का बंद?”

“आज ती बंदच असते ना.” ते सहज म्हणाले. “पहिल्या नाताळाला तुझ्या आजीने तुळशीपाशी नाकाला पदर लावला. हिने आतून पाहिले नि खिडकी लावून घेतली.”

“आजीला जाऊन पाव शतक झालं, अंकल.”

“हो. पण नंतर उघडा असं कोणी म्हणालं नाही.”

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. मी हिशेब करीत होतो. वर्षातला एकच सण, तीन-तीन तासांचा धूर, आणि स्वतःच्या घरात कोंडून घेतलेली बाई. आम्ही पलीकडे त्याच दुपारी तिच्या नेवऱ्या खात बसलेले. कडीला हात लावावा असे वाटले, पण ती खिडकी मी कोणत्या अधिकाराने उघडणार?

तेवढ्यात अंकलनी रसात चमचा बुडवला आणि माझ्यापुढे धरला. “मीठ बघ. ती बघायची. मला काही कळत नाही.”

मी चाखले. आधी शिरक्याची आंबट धार, मग मिरी, आणि मागून एक गोडसर दाटपणा, ज्याला उपमा द्यायला माझा एम.ए.चा अभ्यास उपयोगी पडला नाही.

“मीठ कमी आहे.”

“किती?”

“चिमूटभर. शिरकाही चमचाभर चालेल.”

त्यांनी घातले. पुन्हा चमचा आला. पुन्हा चाखले. तिसऱ्या खेपेला मी मान डोलावली आणि त्यांनी गॅस बंद केला.

खिडकीवर टकटक झाली ती तेव्हा. बाहेरून आईचा आवाज आला, “भाऊजी, कडी काढा. वाटी गरम आहे, हात पोळतोय माझा.”

कडी गंजली होती. दोघांनी जोर लावला तेव्हा निघाली. आईच्या हातात ओले खोबरे घातलेली कोबीची भाजी होती. गोव्यात हिलाच फुगाद म्हणतात आणि आसादाबरोबर ती लागतेच, असे अंकल सांगू लागले. आई म्हणाली, “माहीत आहे मला. वहिनी माझ्याकडूनच खोबरं खवून न्यायच्या.” मला हे माहीत नव्हते. त्या खोबऱ्याची भाजी कशाबरोबर जाते, हे आई इतकी वर्षे जाणून होती तर!

आईने टेबलावर बसून पाव, पुलाव आणि आपलीच भाजी खाल्ली. बटाटे चरबीतले म्हणून अंकलनी तिच्यापासून लांब सरकवले. मी ते जवळ ओढले. दोन बटाटे आणि मांसाची एक चकती घेतली. आईने माझ्या ताटाकडे पाहिले आणि अंकलना कॅनडातल्या नातवंडांची वये विचारू लागली.

टोप मात्र मला घासावा लागला. तळाला धरलेले काही निघेना. “गार पाण्याने कसं निघेल?” आई उघड्या खिडकीतून पडवीतूनच म्हणाली. “कढत पाणी ओत, सोडा टाक आणि राहू दे तासभर.”