उसना हायड्रोजन

केमिकल इंजिनियरिंग शिकून मी सॉफ्टवेअरमध्ये आलो. आमच्या बॅचमधल्या अनेकांचं असंच झालं. चार वर्षांत शिकलेलं बरंचसं पुसलं गेलं, पण एक अभिक्रिया डोक्यातून जात नाही.

अमाइन म्हणजे अमोनियाच्या घराण्यातली संयुगं. शिळ्या माशाचा वास त्यांचाच, आणि असंख्य औषधंही त्यांच्यापासून बनतात. बाबा रोज घेतात ती मेटफॉर्मिनची गोळीसुद्धा डायमिथाइल अमाइनपासून तयार होते.

अल्कोहोलपासून अमाइन करायचं तर अडचण एकच: अल्कोहोलमधला ओएच गट सहजी जागा सोडत नाही. जुना उपाय असा, की त्याच्या जागी आधी क्लोरीन किंवा ब्रोमीन आणायचं आणि मग अमाइनने त्याला हुसकायचं. काम होतं, पण मागे क्षारांचा कचरा उरतो.

१९८१ साली ग्रिग आणि वातानाबे यांच्या गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, द्रावणात विरघळलेल्या धातू-संयुगांनी हे करून दाखवलं. रुथेनियम किंवा इरिडियमसारखा धातू अल्कोहोलमधले दोन हायड्रोजन काढून घेतो. उरलेलं अल्डिहाइड अमाइनशी पटकन जुळतं, पाणी बाहेर पडतं, इमाइन बनतं. मग धातू तेच हायड्रोजन इमाइनला देऊन टाकतो. नवं अमाइन तयार, आणि सोबत उरतं फक्त पाणी. २००८ साली मिल्स्टीन यांच्या गटाने रुथेनियम वापरून थेट अमोनियापासून प्राथमिक अमाइन बनवले. पुढे लोखंड आणि मँगनीज या स्वस्त धातूंनीही हे जमलं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे वाटीभर साखर उसनी नेली आणि परत आणून दिली. त्यात काय एवढं?”

गंमत मधल्या वेळात आहे. हायड्रोजन जवळ असताना अल्कोहोल ढिम्म बसून होतं. तो थोडा वेळ गेला, तेव्हाच ते कुणाशी तरी जुळू शकलं.

नातेवाईकांत अजून विषय निघतो: चार वर्षं केमिकल केलं, वाया गेलं. मला तसं वाटत नाही. कोडमध्ये एखादी पायरी अडली, की नवीन काही जोडण्याआधी मी बघतो, तात्पुरतं काय काढून ठेवता येईल. ही सवय तिकडचीच.

तयार अमाइनच्या रेणूत धातू नसतो. माझ्या कोडमध्येही केमिकल कुठे दिसत नाही.