तडजोडीच्या रकमेवरचा बोजा

सोमवार, ३ मार्च २०२५, न्यू जर्सी

काकांच्या केसमध्ये समोरच्या गाडीच्या विमा कंपनीने आज एक लाख डॉलर कबूल केले. त्या ड्रायव्हरची पॉलिसीच तेवढ्याची होती, त्यामुळे यापुढे ताणण्यात अर्थ नव्हता. तासाभरात त्यांच्या मुलाचा फोन: "चेक कधी हातात येईल?"

काका सातारा जिल्ह्यातले निवृत्त मुख्याध्यापक, वय ६९. ग्रीन कार्डावर पाच वर्षं पूर्ण झाल्यावर हप्ता भरून मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) घेतलं. गेल्या वर्षी झेब्रा क्रॉसिंगवर गाडीने उडवलं आणि नडगीचं हाड मोडलं. न्यू जर्सीत चूक कुणाचीही असो, अपघातानंतरची बिलं आधी घरच्या गाडीच्या पॉलिसीतून भरली जातात. ही मर्यादा अडीच लाख डॉलरपर्यंत घेता येते. मुलाने हप्ता वाचवण्यासाठी सर्वांत खालची, १५,००० ची घेतली होती. ती बघता बघता संपली. दुसरी शस्त्रक्रिया आणि पुढची सगळी फिजिओथेरपी मेडिकेअरने भरली.

पण मेडिकेअरने भरलं ते अटीवर. १९८० च्या कायद्यानुसार दुसरं कुणी देणं लागत असेल, तर मेडिकेअर तात्पुरतं भरतं आणि तडजोड झाली की परत मागतं. याला इथे सगळे लीन म्हणतात. काकांना समजावत होते, तर तेच म्हणाले, "अगं, सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो तसंच ना? जमीन माझी, पण बोजा उतरल्याशिवाय व्यवहार नाही." अगदी तसंच. चेक आधी वकिलाच्या ट्रस्ट खात्यात येईल, बोजे उतरतील आणि मगच काकांच्या हाती पैसे पडतील.

गुरुवार, ६ मार्च

मेडिकेअरच्या वसुली केंद्राकडून यादी आली. एकूण २४,६०० डॉलर.

माझ्या कामाचा गाभा म्हणजे अशा याद्या. प्रत्येक ओळीत तारीख, दवाखाना, निदानाचा सांकेतिक क्रमांक आणि रक्कम असते. ती ओळ न् ओळ वाचावी लागते, दुसरा उपाय नाही. काकांना मधुमेह आहे, त्यामुळे डोळ्यांच्या पडद्याची तपासणी यादीत आली. हृदयाच्या जुन्या औषधोपचाराची भेट आली. एका रुग्णालयाने हाडाचं बिल आणि त्याच दिवशी केलेली दुसरीच तपासणी एका ओळीत घातली होती. अपघाताच्या तारखेनंतरचं जे जे दिसलं ते यंत्रणा उचलते. त्यातलं अपघाताचं कोणतं हे दाखवून देणं आमच्यावर येतं. संध्याकाळपर्यंत ६,६०० डॉलरच्या ओळींवर हरकत लिहून डॉक्टरांच्या नोंदींसह पाठवली.

यादी न बघता सही करणारे वकील मी पाहिले आहेत. तसंच, मेडिकेअरला विचारल्याशिवाय अशिलाला सगळे पैसे देऊन मोकळे होणारेही आहेत. ती वाट तर फारच वाईट: सरकार अशिलाकडून, वकिलाकडून, विमा कंपनीकडूनही वसूल करू शकतं, आणि कोर्टात जावं लागलं तर दुप्पट. २०१९ मध्ये मेरीलँडमधल्या एका वकील कचेरीने अशाच प्रकरणात सरकारला अडीच लाख डॉलर भरले.

मंगळवार, ११ मार्च

आज दुसरी फाइल. पुण्याची मुलगी, नवरा आयटीत. मागून धडक, मानेची शस्त्रक्रिया. तिने गाडीच्या पॉलिसीत "आधी आरोग्य विमा भरेल" हा पर्याय निवडला होता, कारण त्याने हप्ता कमी होतो. आता ९०,००० डॉलरची तडजोड ठरतेय आणि नवऱ्याच्या कंपनीच्या आरोग्य योजनेच्या वतीने एका वसुली एजन्सीने पत्र पाठवलंय: ३८,००० परत करा.

ती म्हणाली, "पण ताई, कार्ड तर मोठ्या विमा कंपनीचं आहे. न्यू जर्सीत त्यांना परत मागता येत नाही असं मैत्रीण सांगत होती." मैत्रिणीचं अर्धं बरोबर. इथल्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे आरोग्य विम्याने भरलेली बिलं भरपाईतून वजा होतात, आणि २००१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने परेरा खटल्यात सांगितलं की म्हणून विमा कंपनीलाही ते पैसे जखमी माणसाकडून मागता येणार नाहीत. पण मोठ्या कंपन्या बहुधा विमा विकत घेत नाहीत. कर्मचाऱ्यांची बिलं स्वतःच्या पैशातून भरतात, कार्डावरची विमा कंपनी फक्त कारकुनी करते. अशा योजनेला १९७४ चा एरिसा हा केंद्राचा कायदा लागतो आणि राज्याचं संरक्षण गळून पडतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच हे स्पष्ट केलंय. कार्डाकडे बघून यातलं काहीही कळत नाही.

२०१३ चा मॅककचन खटला माझ्या टेबलाजवळ कायम असतो. योजनेने भरले ६६,८६६ डॉलर. जखमी मॅककचनला सगळे मिळून मिळाले १,१०,०००. वकिलाचे ४० टक्के गेल्यावर उरले ६६,०००. योजनेने मागितले पूर्ण ६६,८६६. म्हणजे अपघात ज्याला झाला त्यानेच खिशातून भर घालायची. न्यायालय म्हणालं, योजनेच्या कागदात लिहिलंय तेच चालेल. मात्र वकिलाच्या खर्चाबद्दल कागद गप्प असेल, तर त्या खर्चाचा वाटा योजनेलाही उचलावा लागेल.

म्हणून सगळी मदार त्या कागदावर. एजन्सीने पत्रात दिलेला उतारा कर्मचाऱ्यांना वाटतात त्या माहितीपुस्तिकेतला आहे. पुस्तिका म्हणजे योजना नव्हे, हे २०११ मध्ये न्यायालयानेच म्हटलंय. मूळ दस्तऐवज मागणारं पत्र आज रजिस्टर्ड टपालाने गेलं. तीस दिवसांत दिला नाही तर दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

वॉलमार्टची गोष्टही आज तिला सांगितली. २००० साली मिझुरीत ट्रकच्या धडकेत त्यांच्या एका कर्मचारी बाईच्या मेंदूला कायमची इजा झाली. वकिलांचा खर्च जाऊन तिच्या देखभालीसाठी ट्रस्टमध्ये सुमारे ४,१७,००० डॉलर राहिले, आणि कंपनीच्या योजनेने मागितले जवळपास ४,७०,०००. न्यायालयांत योजना जिंकली. देशभर संताप उसळल्यावर एप्रिल २००८ मध्ये कंपनीने दावा सोडला. त्या बाईला लोकांनी वाचवलं. कायद्यात तिच्यासाठी काही नव्हतं. हे मला अजूनही सहन होत नाही.

शुक्रवार, १४ मार्च. धुळवड

इथे कामाचा दिवस. सामान पोचवणाऱ्या एका ड्रायव्हरची फाइल उरकली. कामावर असताना अपघात झाल्याने कामगार भरपाई विम्याने ३०,००० डॉलर दिले होते. यात राज्याचं सूत्र पक्कं आहे: दोन तृतीयांश परत, त्यातून खर्चापोटी ७५० वजा. १९,२५०. पोटगीची थकबाकी आहे का याचा शोधही घेतला. अशिलाला २,००० डॉलरहून जास्त मिळणार असतील तर न्यू जर्सीत तो घ्यावाच लागतो. काही निघालं नाही.

गुरुवार, २० मार्च

नऊ वर्षांचा मुलगा, उपचार मेडिकेडवर, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी योजनेवर. तडजोडीला न्यायाधीशांची मंजुरी लागेल आणि पैसे तो अठरा वर्षांचा होईपर्यंत सरकारी देखरेखीत राहतील.

मेडिकेडच्या बाबतीत २००६ चा आलबॉर्न निकाल हा मला या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत न्याय्य वाटतो. आर्कान्सातली कॉलेजची विद्यार्थिनी, मेंदूला इजा. नुकसान ३० लाख डॉलरहून जास्त, हाती आले साडेपाच लाख, म्हणजे साधारण सहावा हिस्सा. राज्याने उपचारावर खर्चलेले २,१५,६४५ पूर्ण मागितले. न्यायालयाने एकमताने सांगितलं: तिला सहावा हिस्सा मिळाला, तर तुम्हालाही सहावाच, ३५,५८१. तिच्या वेदनेचे आणि बुडालेल्या कमाईचे पैसे राज्याचे नव्हेत.

मग २०२२ मध्ये गॅलार्डो. फ्लोरिडातली तेरा वर्षांची मुलगी, शाळेच्या बसमधून उतरल्यावर ट्रकने उडवलं. तडजोड आठ लाखांची. आधी झालेल्या उपचारापोटी त्यात धरलेले ३५,३६७ डॉलर, पण राज्याने सूत्राने मागितले तीन लाख. सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने राज्याची बाजू घेतली: पुढच्या आयुष्यातल्या उपचारांसाठी मिळालेल्या रकमेतूनही वसुली करता येईल. न्यायमूर्ती सोटोमायोर यांचं विरोधी मत मला पटतं. जो खर्च मेडिकेडने अजून केलेलाच नाही, त्यासाठी राखलेल्या पैशावर त्याचा हक्क कसा? या पोरालाही पुढे उपचार लागणार आहेत. भविष्याचा वाटा किती धरायचा, यावरच आमची खरी लढाई होईल.

सोमवार, ३१ मार्च

काल पाडवा. कोल्हापूरहून धाकट्या बहिणीचा फोन. तीही वकिली करते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने परवा शुक्रवारी दिलेला निकाल सांगत होती: मोटार अपघात दाव्यात उपचारखर्चाची भरपाई देताना मेडिक्लेमचे पैसे वजा करायचे नाहीत. जखमी माणसाने हप्ते भरून केलेल्या कराराचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीला का मिळावा? १९९८ मध्ये एसटी महामंडळाविरुद्धच्या रिबेलो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विम्याबद्दल हेच तत्त्व धरलं होतं.

रात्री बराच वेळ हाच विचार. मुंबईत दोन्ही पैसे जखमी माणसाचे. न्यू जर्सीत साधा आरोग्य विमा असेल तर ते बिल दोघांनाही मागता येत नाही. आणि कंपनीची स्वतःची योजना असेल, तर सगळं योजनेचं. मोडलेलं हाड तेच. दुहेरी वसुली नको हे मला मान्य आहे, कारण शेवटी मेडिकेअर हा सगळ्यांचा पैसा आहे. पण माणसाला त्याच्या नुकसानीचा तुकडाच मिळाला असताना बिल भरणाऱ्याने मात्र पूर्ण वसूल करावं, हे कुठल्याही देशात अन्यायाचंच. आलबॉर्नचं प्रमाण सगळ्यांना लागू व्हायला हवं, एरिसाच्या योजनांनाही.

मंगळवार, २२ एप्रिल

मेडिकेअरने हरकती पूर्ण मान्य केल्या. २४,६०० चे १८,००० झाले. त्यातून वकिलाच्या खर्चाचा वाटा कमी होतो: फी ३२,००० आणि इतर खर्च ४,०००, मिळून एक लाखाचे ३६ टक्के. तेवढे टक्के मेडिकेअरही सोडतं. अंतिम मागणी ११,५२० डॉलर. साठ दिवसांत भरले नाहीत तर व्याज सुरू.

पुण्याच्या मुलीचा मूळ दस्तऐवजही आला. वकिलाच्या खर्चाबद्दल त्यात एक शब्द नाही. मॅककचनचा दाखला देऊन एक तृतीयांश कमी मागितलं.

शुक्रवार, २ मे

एजन्सीने ३८,००० ऐवजी २५,३३३ वर लेखी सोडचिठ्ठी दिली. मुलगी फोनवर रडली.

मेडिकेअरचा चेक गेला. काकांच्या हाती ५२,४८० डॉलर आले. ते मुलाबरोबर कचेरीत आले, हिशेबाचा कागद चष्मा लावून शेवटच्या आकड्यापर्यंत तपासला आणि मग सही केली.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात इथे अपघात झाला असेल, तर पहिल्या दिवसापासूनचं प्रत्येक पत्र जपून ठेवा आणि उपचाराचे पैसे कोणकोणत्या कार्डावर गेले ते तडजोडीवर सही करण्याआधी वकिलाला सांगा. आणि न्यू जर्सीत गाडीची पॉलिसी नव्याने घ्याल, तेव्हा आईवडील सोबत राहत असतील तर त्या १५,००० च्या रकान्यावर खूण करू नका.