पाच वर्षं कशाला लावली असती?

लक्ष्मीबाई टिळक म्हटलं की बहुतेकांना शाळेतला एखादा धडा आठवतो. भोळी बायको, विक्षिप्त कवी नवरा, घरात पैसा टिकत नाही, आणि तरीही हसवणारं लिखाण. बस्स. माझीही ओळख तेवढीच होती. इंजिनिअरिंगला गेल्यावर मराठी पुस्तकं जी सुटली ती सुटलीच. गेल्या महिन्यात मात्र 'स्मृतिचित्रे' पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. बरंचसं कांजूरमार्गहून सुटणाऱ्या सकाळच्या स्लो लोकलमध्ये, उभ्याने.

पुस्तक मिळालं आमच्याच मजल्यावरच्या आजींकडून. आजी मूळच्या नगरच्या, वय ऐंशीच्या पुढे. मुंबईत ख्रिश्चन म्हटलं की लोकांना वांद्रं आठवतं, नाहीतर गोवा. फार तर गावठाणातले ईस्ट इंडियन. नगरकडचे मराठी प्रोटेस्टंट कुणाच्या ध्यानीमनीही नसतात. या आजींचं बायबल मराठी, प्रार्थना मराठी, आणि भजनं तर बरीचशी नारायण वामन टिळकांचीच. पुस्तक हातात देताना त्या म्हणाल्या, "लोक म्हणतात टिळकबाई नवऱ्याच्या मागनं गेल्या. अरे बाळा, मागनंच जायचं होतं तर दुसऱ्या दिवशी गेल्या असत्या. पाच वर्षं कशाला लावली असती?"

आता ही पाच वर्षं म्हणजे काय ते बघू.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या मनू गोखले. वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरात बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतली जायची. त्याचं कारणही साधं नाही. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना सत्तावनच्या बंडानंतर फाशी झाली होती, आणि त्या धक्क्यानंतर हे सोवळं घरात शिरलं. म्हणजे शिवाशिव हा त्या घरात नुसता रिवाज नव्हता, भीतीही होती. अशा घरातली मुलगी अकराव्या-बाराव्या वर्षी टिळकांच्या घरी आली. लिहायला-वाचायला शिकली तीही लग्नानंतर, नवऱ्याकडून.

10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला न विचारता. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या, म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. पदरात चारेक वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरी जाता येत नाही. गेलं तर माहेर तुटतं, जात जाते, सगळंच जातं. पुढची काही वर्षं त्यांनी नातलगांत काढली, काही नाशिकला, काही पंढरपूरला. या काळात त्या रडल्या, आजारी पडल्या आणि कविताही करू लागल्या.

मग त्या मुलाला घेऊन नगरला टिळकांकडे राहायला गेल्या. पण गेल्या त्या हिंदू म्हणूनच! स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं चालू. एका छपराखाली नवरा मिशनचं काम करतोय आणि बायको आपलं सोवळं सांभाळतेय. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम, आणि दोन्ही व्यवस्थित चालू :)

पुस्तकात मला सगळ्यात थरारक वाटला तो यानंतरचा भाग. त्यांची जात गेली ती बाप्तिस्म्याच्या आधी. कुणी उपदेश केला म्हणून नव्हे, स्वतः विचार करून. जनावरांच्या, पाखरांच्या जाती डोळ्यांना दिसतात, माणसांच्या का दिसत नाहीत? मग त्या देवाने केल्या कशावरून? एवढा साधा प्रश्न. उत्तर पटल्यावर त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. ज्या घरात आलेली वस्तू धुऊन घेत, त्या घरातल्या मुलीने हे केलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. आजींचा हिशेब बरोबर होता. ही पाच वर्षं नवऱ्याचं ऐकायला लागली नाहीत. स्वतःला पटायला लागली.

आणि एकदा पटल्यावर ते टिकलं. याची परीक्षा पुढे झालीच. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' काढला. संसारी बाईच्या नजरेने पाहिलं तर देवासाठी नवरा घरातून उठून जाण्याची ही दुसरी खेप! 9 मे 1919 ला टिळक गेले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या. ही श्रद्धा उसनी असती तर इथेच संपली असती.

झालं उलटंच. ख्रिस्ताच्या चरित्रावरचं टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं राहिलं होतं, जेमतेम अकरा अध्याय. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले. हा आकडा मी दोनदा तपासला. अकरा आणि चौसष्ट! धड शाळेत न गेलेली बाई, उतारवयात, मधल्या काळात मुलाबरोबर कराचीपर्यंत जाऊन आलेली. दुसऱ्याने अर्धवट टाकलेला कोड पुढे नेताना आमची काय अवस्था होते ते आठवलं, आणि गप्प बसलो.

'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला 1934 मध्ये, म्हणजे सहासष्टाव्या वर्षी. 24 फेब्रुवारी 1936 ला त्या वारल्या तेव्हा चौथा भाग अपुरा होता. तो मुलगा देवदत्त यांनी पुरा केला, आणि पुढे साऱ्या पुस्तकाचं संपादन नातू अशोक टिळक यांनी केलं. नवऱ्याचं काव्य तिने पुरं केलं, तिचं पुस्तक मुलाने, आणि नातवाने ते जपलं. घराण्यातली वडीलधारी बाई म्हणजे आणखी काय असतं?

जाता जाता एक गंमत. या पुस्तकाचं पहिलं इंग्रजी भाषांतर 1950 मध्ये आलं, जोसेफिन इंकस्टर यांचं. नाव 'आय फॉलो आफ्टर'. वाचून मी वैतागलो. झालं, पुन्हा तेच, नवऱ्याच्या मागून! मग कळलं की हे शब्द जुन्या इंग्रजी बायबलात आहेत, पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात. तिथे पौल सांगतो की मी अजून पोचलेलो नाही, पण धरायला धावतो आहे. कुणा माणसाच्या मागे चालण्याचा तिथे संबंधच नाही.

आजींना हे सांगितलं तर त्यांना ती ओळ मराठीत पाठच होती. असो. पुस्तक वाचलं नसेल तर वाचा, आणि शाळेतल्या धड्यावर थांबू नका. इंग्रजीत हवं असेल तर शांता गोखल्यांचं 2017 चं भाषांतर आहे. पण मराठी येत असेल तर मराठीतच वाचा. ती भाषा स्वयंपाकघरात बसून गोष्ट सांगितल्यासारखी आहे, आणि कळेकळेपर्यंत तुमचं स्टेशन मागे पडलेलं असतं.