तेल मागणारा

वैशाखातल्या दुपारी जळगाव-धुळ्याकडची गावं दारं लावून बसतात. पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेलेला असतो. काळी जमीन तडकून तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि केळीच्या बागांभोवतीची शेवरीसुद्धा मान टाकते. इकडे भुताखेताच्या गोष्टींना रात्र लागत नाही, भर दुपार पुरते. अशा वेळी दारावर थाप पडली की पडवीत झोपलेली पोरं उठून बसायची आणि आजी मुद्दाम आवाज खाली आणून म्हणायची, "तेल मागायला आला असेल. बघ रे, कपाळावर जखम आहे का." आम्ही फटीतून बघायचो. बाहेर कधी बोहारीण असायची, कधी पोस्टमन. तरी पुढच्या थापेला पुन्हा तीच धडधड.

सातपुड्याच्या दोन्ही अंगांना ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. डोंगरातून एक उंच, थकलेला माणूस उतरतो. कपाळावरची जखम वाहत असते, तिच्यावर माश्या बसतात आणि तो जखमेसाठी चमचाभर तेल मागतो. तो अश्वत्थामा. पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात गेलेल्या मुलखात अस्तंभा नावाचं शिखर आहे, सुमारे तेराशे मीटर उंचीचं. दिवाळीच्या दिवसांत हजारो आदिवासी तरुण रात्रभर चालून ते चढतात, कारण तो तिथे राहतो. तिकडे पूर्वेला, रावेरच्या पुढे बुऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडावर महादेवाचं देऊळ आहे. पहाटे पिंडीवर कुणीतरी आधीच ताजं फूल वाहून गेलेलं असतं, असं लोक सांगतात. पश्चिमेच्या टोकाला एक डोंगर, पूर्वेच्या टोकाला एक गड, आणि मधल्या साऱ्या खानदेशातून हा माणूस चालतो आहे.

त्याने काय केलं होतं हे विसरू नये. युद्ध संपल्यावर, रात्री, झोपलेल्या छावणीत शिरून त्याने द्रौपदीच्या पाच मुलांना मारलं. आईच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र सोडलं. आपल्याकडच्या कथांमध्ये याहून नीच गुन्हा शोधायला वेळ लागेल. त्याला शिक्षा झाली ती मरणाची नाही, जगण्याची. आणि ती शिक्षा भोगायला तो आमच्या मुलखात आला, असं इथल्या लोकांनी ठरवलं. का ठरवलं, याचा विचार मी बरीच वर्षं करतो आहे.

उत्तराचा काही भाग भूगोलात आहे. खानदेश म्हणजे उत्तर आणि दक्षिण यांच्यामधलं दार. वर सातपुडा, खाली अजिंठा-सातमाळ्याची रांग, मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. हिंदुस्थानातून दख्खनेत उतरायचं तर बुऱ्हाणपूरच्या खिंडीतून या, नाहीतर सेंधव्याच्या घाटातून. सुरतेचा माल याच खोऱ्यातून वर गेला, आग्रा रोड धुळ्यावरून गेला. फौजा, लमाणांचे तांडे, फकीर, गोसावी, अफूचे व्यापारी, सगळे इथून गेले. परक्याला दार उघडायचं की नाही, हा प्रश्न या मुलखाला रोज पडत आला. त्यामुळे इथले जे गुन्हे माणसांच्या लक्षात राहिले, ते बहुतेक दाराशी घडलेले आहेत.

यातली सर्वांत जुनी कथा एरंडोलची. हीच महाभारतातली एकचक्रानगरी, असं गाव मानतं. जवळच पद्मालय आहे, तिथे भीमकुंड दाखवतात. पांडव वेश बदलून एका ब्राह्मणाच्या घरी राहिले होते. बकासुराकडे गाडाभर अन्न आणि सोबत एक माणूस पाठवायची पाळी त्या घरावर आली, तेव्हा कुंतीने यजमानाच्या घरच्या माणसाऐवजी आपला मुलगा पाठवला. आसरा दिलेल्या घरासाठी पाहुणा मरायला निघाला. आम्हा मुलांना ही गोष्ट राक्षसाची म्हणून आवडायची. आता मला ती त्या आईची वाटते.

दुसरी हकीकत मात्र उलटी आहे आणि ती इतिहासकार फिरिश्त्याने लिहून ठेवली आहे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. अशीरगडावर आसा अहीर नावाचा गवळी राहत होता. हजारो गाई-म्हशी, मेंढ्या, घोड्या आणि दोन हजारांच्या घरात माणसं बाळगणारा. दुष्काळ पडला तेव्हा बायकोच्या सांगण्यावरून त्याने धान्याची कोठारं गोरगरिबांसाठी उघडली. उपाशी माणसांना काम हवं म्हणून डोंगरावरचा जुना कोट पाडून पक्की तटबंदी बांधायला घेतली. म्हणजे अशीरगडाची ती भिंत हे आधी दुष्काळी काम होतं, आणि मला त्या गडाबद्दल याहून मोठी गोष्ट माहीत नाही.

खाली थाळनेरला फारुकी घराण्याचा अंमल सुरू झाला होता. मलिक राजाला फिरोजशहा तुघलकाने ही जहागीर दिली होती. १३९९ मध्ये तो वारला आणि मुलगा नसीर खान गादीवर आला. आसा अहीर त्याच्याशी सलोख्याने वागत होता, त्याच्या वडिलांचा मान ठेवत होता. नसीरने त्याला निरोप पाठवला : आसपासचे राजे माझ्यावर उठले आहेत, माझ्या बायकामुलांना गडावर आसरा दे. आसाने जागा झाडून घेतली. पहिल्या दिवशी डोल्या आल्या, त्यांत खरोखरच बायका होत्या. आसाच्या घरातल्या बायकांनी त्यांचं स्वागत केलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोनशे डोल्या चढल्या. आसा आपल्या मुलांना घेऊन सामोरा गेला, पाहुण्यांची विचारपूस करायला. डोल्यांचे पडदे उघडले आणि हत्यारबंद शिपाई बाहेर पडले. बाप आणि मुलं सगळी तिथेच कापली गेली.

फिरिश्ता हे लिहीत होता ते घटनेनंतर दोनशे वर्षांनी. डोल्यांचा नेमका आकडा कथेने वाढवला असेल, हे मला मान्य आहे. पण पहिल्या दिवशीच्या त्या खऱ्या बायका मला खोट्या वाटत नाहीत. गोष्ट रचणारा माणूस थेट शिपायांवर आला असता. त्या बायकांना दुसऱ्या दिवशी काय होणार हे माहीत होतं का? रात्री त्या आसाच्या घरी जेवल्या असतील. त्यांच्याबद्दल इतिहास पुढे एक ओळ लिहीत नाही.

या गडावर फारुक्यांचं राज्य दोनशे वर्षं टिकलं. १६०१ मध्ये अकबराने तो घेतला. शेवटचा फारुकी, बहादूरशहा, बोलणी करायला खाली आला तो परत गेलाच नाही. अबुल फजल गडावरच्या रोगराईचं कारण पुढे करतो, तर जेझुइट पाद्री म्हणतात की शब्द देऊन त्याला अडकवून ठेवलं. अशा या डोंगरावर लोकांनी अश्वत्थाम्याला ठेवलं आहे. विश्वासात मारलेल्यांचा डोंगर तो, तिथे दुसरं कोण येणार?

सुरुवातीचे फारुकी तापीकाठी, थाळनेरला पुरले आहेत. शिरपूर तालुक्यातलं हे गाव. कबरींपैकी एक अष्टकोनी आहे, तिच्यावरचं दगडी काम बघताना माणूस ऊन विसरतो. नदीच्या अंगाला किल्ल्याचे बुरूज आता मातीत मिसळत चालले आहेत. इथे २७ फेब्रुवारी १८१८ ला जे झालं, त्याची फाईल लंडनपर्यंत गेली.

महिदपूरला होळकरांचा पराभव झाला होता. मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना मिळाला. सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन दक्षिणेकडे निघाला तो थाळनेरपाशी आला. किल्लेदार तुळसीराम मामा गड द्यायला तयार नव्हता. मुलूख कागदावर गेला होता, पण गडावर अजून त्याचीच माणसं होती. हिस्लॉपने बजावलं की लढलास तर बंडखोर समजू. तोफा चालल्या. एकामागून एक दरवाजे पडले. किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. शेवटच्या दरवाजाआड अरब शिपाई होते. त्यांच्याशी काय बोलणं झालं, किती समजलं, कुणी कुणाला काय शब्द दिला, याच्या हकीकती एकमेकींशी जुळत नाहीत. दिंडी उघडली, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर काही माणसांनिशी आत शिरले, आणि आत त्यांच्यावर वार झाले. दोघेही मेले. मग बाहेरची फौज घुसली आणि गडावरची माणसं, तीनशेच्या आसपास, कापून काढली. त्याच संध्याकाळी तुळसीराम मामाला फासावर चढवलं. दिंडीआड वार झाले तेव्हा तो इंग्रजांच्या ताब्यात होता. चौकशी, साक्षी, पंच, काही झालं नाही.

मार्च १८१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये या मोहिमेतल्या सेनानींचे आभार मानायचा ठराव आला. हिस्लॉपचेही आभार मानले, पण थाळनेरच्या किल्लेदाराची फाशी यात धरलेली नाही, असं सभागृहाने ठरावात वेगळं नोंदवलं. त्यापलीकडे काही घडलं नाही. मला या ठरावाचा राग येतो आणि तरी तो वाचावासा वाटतो. इतक्या दूरच्या सभागृहात बसलेल्यांनाही टोचणी लागली होती. ती त्यांनी कंसात टाकली, पण लपवली नाही.

त्यानंतरचा इंग्रजी अंमल रस्त्यांचा होता आणि रस्त्यांवरच त्याला आव्हान मिळालं. सेंधव्याच्या घाटाची राखण खाज्या नाईक करायचा, सरकारी चाकरीत. राखणीत एका संशयिताला मारल्यावरून त्याला कैद झाली. सुटून आला आणि १८५७ मध्ये त्याच घाटाचा तो सगळ्यात मोठा धोका ठरला. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला भिल्लांची इंग्रजांशी लढाई झाली, तिच्यात बायकाही होत्या. १८६० मध्ये तो दग्याने मारला गेला. पुढे १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ लुटला गेला, साडेपाच लाखांचा. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि खानदेशातले डॉ. उत्तमराव पाटील यांची ही मोहीम. पोलिसांच्या दप्तरात तो दरोडा होता. चिमठाण्याला आज तो गावाचा मान आहे. मला यात गोंधळ वाटत नाही. कुणी कुणाचा विश्वास मोडला, हे लोक बरोबर ओळखतात.

निदान बहुतेक वेळा ओळखतात, असं मी २०१८ पर्यंत म्हणत होतो.

१ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी गावात आले. सोलापूरकडच्या मंगळवेढा भागातली ही मंडळी, पिंपळनेरला पालं टाकून राहिलेली. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे निरोप आणि व्हिडिओ मोबाइलवरून फिरत होते, नुसत्या खानदेशात नाही, देशभर. बाजारात कुणाला तरी संशय आला. जमाव जमला. मारत मारत पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथे मरेपर्यंत मारलं. काही लोक ते मोबाइलवर टिपत होते.

हा समाज पिढ्यान्‌पिढ्या दारोदार फिरतो. भैरवनाथाचं नाव घेऊन येणारा गोसावी दाराशी उभा राहिला की पसाभर जोंधळे घालायचे, ही आमच्या प्रत्येक गावाची रीत होती. पोरांना गोसाव्याची भीती दाखवायचीही रीत होती, हे सांगायला हवं. "रडू नकोस, गोसावी झोळीत घालून नेईल." हे आमच्या घरात म्हटलेलं मी ऐकलं आहे, ज्या आजीने तेलाची गोष्ट सांगितली तिच्याच तोंडून. पण ते म्हणतानाच तिचा हात सुपाकडे जायचा. भीती आणि भिक्षा एकाच दारात नांदत होत्या. मोबाइलवर आली ती नुसती भीती, सूप मागे राहिलं.

धुळ्याच्या न्यायालयाने २०२४ मध्ये सात जणांना जन्मठेप दिली. सहा वर्षं लागली, पण थाळनेरच्या किल्लेदाराला जे मिळालं नव्हतं ते इथे झालं : साक्षी झाल्या, दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या, गुन्ह्याला गुन्हा म्हटलं गेलं. घटना घडली त्याच जुलैत, २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत राज्यांना निर्देश दिले होते. हे सगळं महत्त्वाचं आहे आणि मी ते कमी लेखणार नाही.

पण माझं मन अजून त्या ग्रामपंचायतीच्या खोलीपाशी अडतं. गावातल्या माणसाने जन्माचा दाखला, रेशनकार्ड, पंचांची सही मागायला जायची ती खोली. पाच जणांना मदत मिळायची असती तर त्याच खोलीत मिळाली असती.

दिवाळीत अस्तंभ्याकडे निघणाऱ्या पोरांपैकी बरीचशी याच सातपुड्याच्या पट्ट्यातल्या पाड्यांवरची असतात. आपण कुणाला भेटायला चाललो आहोत हे त्यांना पक्कं माहीत असतं. त्याने झोपेतली पाच मुलं मारली, हेही माहीत असतं. त्याची ओळख पटवावी लागत नाही, त्याचा गुन्हा सिद्ध करायचा राहिलेला नाही, आणि कुणी तो माफही केलेला नाही. तरी तो तेल मागतो तेव्हा द्यायचं असतं. राईनपाड्यात आलेल्यांबद्दल कुणाला काहीच माहीत नव्हतं.